हिरडकोंडचा थांबा रद्द न करणेबाबत

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी,
सह्यकडा सहकारी ग्रामीण बससेवा,
महाड, जि. रायगड.

अर्जदार: हर्षद चांगू उतेकर, मूळ राहणार हिरडकोंड, ता. पोलादपूर, सध्या राहणार बिरवाडी, ता. महाड.

विषय: पोलादपूर–कुडपण फेरीतील 'हिरडकोंड' हा थांबा प्रवाशांच्या पडद्यावरून न काढता उलट चालकाच्या पडद्यावर घेणेबाबत.

संदर्भ: (अ) 'थांब्यांच्या याद्या एकसारख्या करणे' हे आपले कार्यालयीन पत्र. (ब) हिरडकोंड येथील हिरड्याच्या झाडाला लावलेली जाहीर नोटीस.

महोदया,

अर्जदार स्वतःचा उल्लेख 'अर्जदार' असाच करीत आहे. कार्यालयीन रीत तशी आहे, आणि या खेपेस ती रीत सोयीचीही ठरली आहे. 'मी' असे लिहायला घेतले की कागद पुढे सरकत नाही, हे दोन-तीन कागद फाडल्यावर अर्जदाराच्या लक्षात आले.

१. आपल्या गाड्यांमध्ये चालकासमोर एक आणि प्रवाशांसमोर एक असे दोन पडदे आहेत. दोन्ही चालवणारा संगणक मात्र एकच असून तो चालकाच्या सीटखालच्या पेटीत आहे. ही पेटी बिरवाडीच्या ज्या कंपनीने पुरवली, तेथे अर्जदार कामाला आहे आणि पेटीच्या आतली मांडणी त्यानेच केलेली आहे. आपल्या पत्रात या मांडणीला 'तांत्रिक घोळ' म्हटले असल्याने थोडे सांगणे भाग आहे. पेटीत सगळ्यांच्या तळाशी हायपरव्हायजर नावाचे एक सॉफ्टवेअर बसते आणि ते एका संगणकाची दोन आभासी यंत्रे करते. एका घराची दोन भावांत वाटणी व्हावी तसे ते असते. मधे भिंत, चुली दोन, कुलपे दोन, वर कौले तेवढी एकच. चालकाच्या यंत्राची मेमरी वेगळी, प्रवाशांच्या यंत्राची वेगळी, आणि गाडी सुरू होतानाच ठरलेली ही वाटणी वाटेत कोणालाही बदलता येत नाही. गाण्या-जाहिरातींच्या नादात प्रवाशांचे यंत्र आडवे झाले तरी चालकासमोरचा वेगाचा काटा जागचा हलू नये, घाटात तर नाहीच, यासाठी हा खटाटोप. भिंतीला अर्जदाराने एकच लहानशी खिडकी ठेवली आहे. गाडी कोठवर आली एवढीच खबर तीतून पलीकडे जाते. थांब्यांची यादी ज्याची त्याच्यापाशी.

२. हिरडकोंडवर दरड कोसळून वाडी गाडली गेल्यावर आपल्या कार्यालयाने हिरडकोंड वगळून नवी यादी पाठवली. चालकाच्या यंत्राने ती आपोआप उतरवून घेतली. प्रवाशांच्या यंत्रातली यादी बदलायची तर ते यंत्र नव्याने बांधून पेटीत घालावे लागते आणि ते काम अर्जदाराचे आहे. अर्जदाराने ते केलेले नाही. ही नजरचूक नव्हे, घोळही नव्हे आणि कामाचा ताण तर मुळीच नव्हे. हात धजावला नाही, एवढेच. त्यामुळे गाडी वरच्या वळणावर आली की मागच्या पडद्यावर 'पुढील थांबा: हिरडकोंड' अशी अक्षरे येतात, आणि पुढे चालक सोमा यांच्या पडद्यावर काहीच येत नाही. गाडी न थांबता निघून जाते.

३. पडद्यावरचे नाव पाहून एक वृद्ध इसम चालत्या गाडीत उठतो, ही आपल्याकडे आलेली तक्रार खरी आहे. तक्रारीतील 'सदर वृद्ध इसम' म्हणजे हिरडकोंडचे भिकाजीबाबा. दरड आली तेव्हा ते कुडपणला लेकीकडे गेले होते म्हणून वाचले. पोलादपूरला डोळे दाखवून परत जाताना पडद्यावर वाडीचे नाव आले की ते पिशवी उचलतात, काठी टेकत दारापाशी येऊन उभे राहतात आणि वळणाला हेलपाटतात. एकदा सोमा यांनी आरशातून बघून सांगितले, "बाबा, बसा ना. हितं कोन नाय आता."

"ठाव हाय रे मला," बाबा म्हणाले. "पन नाव आलं का उठायला होतं."

 हल्ली सोमा त्या वळणावर गाडी अगदी हळू घेतात. वेळापत्रक बिघडते म्हणून त्यांना जाब विचारू नये, ही या अर्जातील पोटविनंती समजावी.

४. हिरडकोंड ही भातखाचरांची आणि नाचणीच्या वरकस डोंगरउतारांची वाडी होती. निम्मी माणसे मुंबईला, निम्मी घरी, आणि गणपतीला सगळीच्या सगळी एका जागी. अर्जदाराचे वडील आधीच वारले होते. आई, तुळसा चांगू उतेकर, एकटी राहत असे. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत तिचा जीव रमत नसे. तेथे कोंबडीसुद्धा विकत आणावी लागते, ही तिची मोठी तक्रार. अर्जदार दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जायचा आणि ती थांब्यावरच्या हिरड्याखाली इरले घेऊन उभी असायची. गाडीला उशीर झाला की चालकाला रागवायची, मुलाला नाही.

ज्या दुपारी डोंगर खाली आला, त्या दुपारी अर्जदार कंपनीत याच पेटीची चाचणी घेत होता. प्रवाशांचे यंत्र मुद्दाम पाडायचे आणि शेजारच्या यंत्राला त्याची गंधवार्ता लागत नाही ना, ते बघायचे, अशी ती चाचणी. यंत्र पुन्हा पुन्हा पाडले. चालकाचा पडदा एकदाही लुकलुकला नाही. अर्जदाराला फार आनंद झाला, सगळ्यांनी पाठ थोपटली, भजी मागवली. तिकडे ओढ्यापलीकडच्या वाडीलासुद्धा गडगडाटापलीकडे काही कळले नव्हते. महाडच्या पुराचे पाणी उतरेपर्यंत बातमी बिरवाडीला आली नाही. ती भजी अर्जदाराला अजून गिळवत नाहीत. तेव्हापासून कंपनीत कोणी 'एक पडलं तरी दुसऱ्याला कळत नाही' असे कौतुकाने म्हणाले की अर्जदार उठून बाहेर जातो.

५. आता नोटिशीबद्दल. 'मुदतीत स्थानिक रहिवाशांकडून एकही हरकत प्राप्त न झाल्याने थांबा रद्द करण्यात येत आहे,' असे आपण म्हणता. ही नोटीस जेथे लावली ते हिरड्याचे झाड रस्त्याच्या कडेला होते म्हणून वाचले. त्याच्या खाली आता दगड, लाल माती आणि त्यावर उगवलेले रान आहे. हरकत घ्यायला तेथे कोणी नाही, हे नोटीस चिकटवणाऱ्या आपल्या माणसालाही दिसले असेल. तरी त्याने ती नीट, चारही कोपरे दाबून चिकटवली आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.

तथापि, थांबा रद्द करण्यास तेथील रहिवाशांची संमती घ्यावी, असे आपल्याच नियमात आहे. अर्जदाराची आई ही त्या थांब्याची नित्याची रहिवासी. तिची संमती घ्यायची तर आधी ती सापडली पाहिजे. शोधकाम बंद झाले तेव्हा ती सापडलेली नव्हती. पुढे तिचा मृत्यूचा दाखला मिळाला. आई मिळाली नाही. सबब संमतीची अट पुरी झालेली नसून आपला आदेश नियमबाह्य ठरतो, असे अर्जदाराचे नम्र म्हणणे आहे.

६. या प्रकरणी एक आधीचा निवाडाही आहे. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी पंचक्रोशीतल्या प्रत्येक वाडीला, प्रत्येक दारात जाते आणि त्या घराच्या नावाने गाऱ्हाणे घातले जाते. दरडीनंतरच्या पहिल्या शिमग्याला पालखी हिरडकोंडला न्यावी की नाही, यावर गावकी बसली. दारेच नाहीत तर पालखी टेकवायची कोठे, असे काहींचे म्हणणे पडले. तेव्हा जुने मानकरी हैबतीबाबा एवढेच बोलले, "घरं गेली म्हनून मान कुठं गेला? मान हाय त्यांचा."

पालखी नेली. अर्जदाराने पुढे होऊन कोणाचे दार कोठे होते ते दाखवले. एके ठिकाणी त्याचा अंदाज चुकला, तेव्हा भिकाजीबाबांनी काठीने खूण करून जागा दुरुस्त करून दिली. नेहमी खांद्यावर नाचणारी पालखी त्या दिवशी नाचली नाही. दगडांवर जपून पाय ठेवत ती एकेका दाराशी थांबली, नाव घेतले, नारळ फोडला आणि पुढे गेली. 'तुळसा चांगूच्या घरच्यांना सुखी ठेव' असे गाऱ्हाणे घातले गेले तेव्हा मागून 'व्हय महाराजा' म्हणायचे अर्जदाराला जमले नाही. तेव्हापासून दर शिमग्याला पालखी तेथे थांबते. महोदया, देवीने हा थांबा रद्द केलेला नाही.

७. अर्जदाराने आपला आदेश पाळून पाहिला, हेही नमूद करणे आवश्यक आहे. गेल्या आठवड्यात त्याने यादीतून हिरडकोंड काढले, प्रवाशांचे यंत्र नव्याने बांधले आणि टेबलावरच्या पेटीत चालवून बघितले. कोठेतरी अडेल, निदान लाल अक्षरांत एखादी चूक तरी दाखवील, असे त्याला वाटत होते. काही झाले नाही. आधीच्या थांब्यानंतर पडद्यावर सरळ 'पुढील थांबा: कुडपण' आले. मधला रस्ता यंत्राने आपला आपण जोडून घेतला, जणू तेथे कधी कोणी उतरलेच नव्हते. अर्जदार टेबलावर डोके ठेवून रडला. शेजारी काम करणाऱ्या अंकिता यांनी पेटीची वायर काढली आणि म्हणाल्या, "राहू दे हर्षद. आज नको." अर्जदाराने नाव पुन्हा घातले. त्या दिवसाची रजा त्याच्या खात्यात मांडलेली आहे.

८. अर्जदार आडमुठा नाही. त्याचे काही पर्याय आहेत. चालकाच्या यंत्रात हे एक नाव चढवणे अर्ध्या दिवसाचे काम आहे, ते अर्जदार सुटीच्या दिवशी करून देईल. उतरणारा प्रवासी नसेल तर थांबा देता येत नाही, अशी अडचण असल्यास अर्जदार दर शनिवारी तेथे उतरेल, झाडाखाली उभा राहील आणि परतीच्या गाडीत चढेल, म्हणजे कागदोपत्री चढणारा आणि उतरणारा दोन्ही मिळतील. भिकाजीबाबाही तयार आहेत. ते पडणार नाहीत, कारण गाडी थांबलेली असेल. आणि एवढे करूनही नाव काढायचेच ठरले, तर ते काम दुसऱ्या कोणाच्या हातून करवून घ्यावे. मात्र या पेटीची मांडणी दुसऱ्या कोणाला येत नाही. त्याला ती अर्जदारालाच शिकवावी लागेल, आणि ते अर्जदाराच्याने होणार नाही.

९. शेवटी, हा अर्ज मुळात ज्यासाठी केला ते सांगायचे राहिले. दरडीच्या आधीच्या उन्हाळ्यात याच मार्गावर पडद्यांची पहिली चाचणी झाली. आई पोलादपूरला बाजाराला आली होती, तिला अर्जदाराने चाचणीच्या गाडीत बसवले. साक्षरतेच्या वर्गात ती दोनच शब्द शिकली होती, एक स्वतःचे नाव आणि दुसरे वाडीचे. वळण आले, पडद्यावर अक्षरे आली. आई सुक्या बोंबलाची पिशवी सीटवर टाकून उठली, पडद्याला नाक लावून उभी राहिली आणि बोट फिरवत एकेक अक्षर वाचले. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे म्हणाली, "आपली वाडी हाय गो ही!" गाडी हिरड्याखाली थांबली. दार उघडले, दार लागले. ती वाचतच होती. अर्जदार यंत्राकडे बघायचे सोडून तिच्याकडे बघत राहिला. कुडपण आल्यावर दोघांच्या ध्यानात आले.

परतीच्या गाडीत ती पदर तोंडाला लावून हसत होती. "नाव बघत ऱ्हायले नि उतरायचं ऱ्हायलं," म्हणाली. "पुढच्या टायमाला तू उतरव रे मला." अर्जदार बरं म्हणाला.

तशा पडद्याच्या गाडीत तिला पुन्हा बसायला मिळाले नाही. म्हणून विनंती की, गाडी त्या वळणावर दर फेरीला क्षणभर थांबवावी, दार उघडावे आणि मग लावून घ्यावे. कोणी उतरताना दिसले नाही तरी चालेल. आईला तिच्या थांब्यावर उतरवायचे अर्जदाराने कबूल केलेले आहे, आणि गाडी थांबल्याशिवाय त्याला ते करता येत नाही.

एरवी आपला आज्ञाधारक,
(सही)
हर्षद चांगू उतेकर

ठिकाण: बिरवाडी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१. आपल्या पत्राची प्रत.
२. तुळसा चांगू उतेकर यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
३. हिरडकोंडच्या रहिवाशांची हरकत: हाच अर्ज.