सबाच्या बापाची खात्री

३ फेब्रुवारी २००३, सोमवार
शिक्रापूरला कंपनीत ट्रेनिंग. पुण्याच्या सरांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक लांब, एक आखूड. मोजल्या तर सारख्या! मी इन्स्पेक्शनचा माणूस, डोळ्यांचाच पगार घेतो. हादरलो. डोळे फसवतात, तर कान? मेंदू? शिरूरला घरी पोचेस्तोवर ठरवलं : ज्याची खात्री नाही ते बोलायचं नाही. मरेपर्यंत.

४ फेब्रुवारी
लालबीने विचारलं, कालवणात मीठ बरोबर हाय का? म्हणालो, मला तरी तसा भास होतोय. बायकोने ताटच उचललं. उपाशी, पण खरा.

६ फेब्रुवारी
एकही पार्ट पास केला नाही. मॅनेजर ओरडले, घरी बसा दोन दिवस. बरंच झालं. चिंतनाला वेळ हवाच होता.

९ फेब्रुवारी, रविवार
भांडगावहून पाहुणे सबाला बघायला आले. मुलगा अझरुद्दीन, गॅरेजवाला. आमच्या पोरीला मनापासून पसंत. लालबीने आधीच बजावलं, आज गप बसा. बसलो.
मुलाचे मामू गमतीने म्हणाले, "लई गोरी हाय की. तुमचीच न्हवं?" सगळे हसले. मी नीट विचार केला. म्हणालो, "तसं म्हणतात."
कुणी चहा घेतला नाही.
संध्याकाळी लालबी सबाला घेऊन राहू गावाला, माहेरी गेली. जाताना सबाने माझ्याकडे बघितलं असावं. नाही. नाही बघितलं.

११ फेब्रुवारी
येतील आपोआप. खात्री आहे.

१६ फेब्रुवारी
राहूला गेलो. लालबी दारातच उभी. सांगितलं, सबा माझीच, शंभर टक्के. ती म्हणाली, "तवा ठाव न्हवतं, आता कसं कळलं?"
खूप शोधलं. नाक माझ्यासारखं आहे, पण डोळ्यांचं काय सांगावं. शेवटी म्हणालो, नुसतं माहीत आहे. मला स्वतःलाच ते कमी वाटलं. सबाने पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. पाणी पिऊन परतलो.

२ मार्च
लालबीचा भाऊ अफताब भांडगावला जाऊन सगळ्यांच्या पाया पडला म्हणे. निकाह ठरला. मला कळलं ते शिरूरच्या स्टँडवर. शेजारचे पोपटराव हात धरून म्हणाले, "अभिनंदन, इनुसभाई! तारीख कवाची?"
म्हणालो, ठरलीय की.
"व्हय, पन कवाची?"
बस आली म्हणालो. आणि आली त्या बसमध्ये चढलो. दौंडची होती.