स्टिकरवरचे नऊशे ग्राम

ग्वाल्हेर,
शुक्रवार, ३० मे, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

चि. केदार यास,

अनेक उत्तम आशीर्वाद या वेळी शेवटासाठी राखून ठेवले आहेत. पत्र वाचून झाल्यावर ते हवेत की नकोत ते तू ठरव.

इकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य महिन्याभरात आज पहिल्यांदा खरं लिहितोय. तुझ्या वहिनीच्या कैऱ्या मिठात पडल्या आहेत. नाना काठी टेकत फाटकापर्यंत जातात आणि शेजाऱ्यांच्या नव्या गाड्यांना एकेक करून नापास करतात. फोन करायला हवा होता, कबूल. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि तू बोललास की मला थोरलेपणा करावा लागतो. कागदावर ती सक्ती नाही.

तर बातमी अशी की आपल्या गजगामिनीचा एसी गार झाला. तेहेतीस वर्षांची गाडी, पाच वर्षं बंद पडलेला एसी. पण खुब्याच्या ऑपरेशननंतर नानांना रिक्षात चढता येत नाही, आणि आठवड्यातून तीनदा सिटी सेंटरला व्यायामाला न्यावंच लागतं. हिच्या रुंद सीटवर ते राजासारखे बसतात. जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून एप्रिलअखेर दौलतगंजच्या सूर्याजीराव मिस्त्रींकडून नव्या गॅसची सोय करून घेतली. तेल बदललं, रबरी कड्या बदलल्या. इथवर तुला माहीत आहे.

पुढचंही थोडं माहीत आहे. बॉनेटखाली स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय नऊशे ग्राम. सूर्याजीराव म्हणाले, "पंडितजी, हे तर जुन्या गॅसचं लिहिलेलं आहे. नवा कमी लागतो. मी दाबाचं गेज बघून भरून देतो ना." मी तिथूनच तुला फोन लावला. तू पुण्यात शीतगृहं उभारणारा माणूस. तूही म्हणालास, ऐंशी टक्के भरा, फार तर थोडा वर.

आता न्यायशास्त्रातल्या प्रमाणांचा विचार कर. सूर्याजीरावांचं गेज म्हणजे प्रत्यक्ष, तुझा सल्ला म्हणजे अनुमान, आणि स्टिकर म्हणजे शब्द. अठ्ठावीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने छापलेला शब्द सोडून गेजच्या काट्यावर विश्वास ठेवायचा? चष्मा लावून वजनकाट्यापाशी उभा राहिलो आणि नऊशे भरायला लावले. सूर्याजीराव एवढंच म्हणाले, "गाडी तुमची आहे."

आणि तुला मी काय म्हणालो, ते आपण दोघेही विसरलेलो नाही. गाडीही तुझ्याकडे नाही आणि वडीलही तुझ्याकडे नाहीत, तुझे ऐंशी टक्के तुझ्यापाशीच ठेव. त्यानंतर तुझा फोन आला नाही. यावा असं मी वागलोही नव्हतो.

एसीचं म्हणशील तर गाडी धावत असली की गार, थांबली की गरम. सिटी सेंटरच्या एका चकाचक गॅरेजवाल्याने पुढचा पंखा बदलला. मग पट्टा बदलला. सूर्याजीरावांकडे मात्र गेलो नाही. उलट नाक्यावर चारचौघांत त्यांच्या हाताला नावं ठेवली. का गेलो नाही? ते पहिला प्रश्न काय विचारतील हे मला ठाऊक होतं, म्हणून.

आता ते, जे तुला सांगितलं नाही. चौदा तारखेला फूलबागेच्या सिग्नलवर एक मिरवणूक आडवी आली. पंचवीस मिनिटं गाडी जागची हलली नाही. बाहेर चव्वेचाळीस, आणि आत झडपांतून भट्टीचा वारा. मी पुढे हॉर्न वाजवत बसलो होतो. मागे वळलो तेव्हा नाना सीटवर कलंडले होते. हाक मारली, ओ दिली नाही. एका रसवंतीवाल्याने बर्फ आणला, दोघांनी उचललं. एक रात्र इस्पितळात, सलाइन. सकाळी शुद्धीवर येऊन चहा पांचट आहे म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुला वहिनीने पोट बिघडल्याचं कळवलं, ते माझ्या सांगण्यावरून. तिला दोष देऊ नकोस.

मंगळवारी दौलतगंज गाठलं. सूर्याजीरावांनी काहीच विचारलं नाही. गेज लावलं, इंजिन चालू ठेवलं, आणि रेडिएटरपुढच्या जाळीवर बादलीभर पाणी ओतलं. काटा झरकन खाली आला आणि आत गार वारा सुटला. पाणी सुकलं, काटा पुन्हा वर. गॅस जास्त, म्हणून उभ्या गाडीत दाब चढायचा आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणालो, "नऊशे मी भरायला लावले होते. चूक माझी आहे."

"पंडितजी, जास्तीचा आहे तो आता निघेल," म्हणाले, आणि वळून काम करू लागले.

गॅस सिलेंडरमध्ये काढून घेतला, तोलून परत भरला सातशे तीस. म्हणजे ऐंशी टक्के आणि थोडा वर. हा आकडा लिहिताना हात जड झाला, हे नमूद करतो. उभ्या गाडीत अर्धा तास झडपेपुढे थर्मामीटर धरून बसलो. आठ अंश. परतताना नाक्यावर उतरून त्याच चौघांना गाठलं आणि खरं सांगितलं. त्यांना फारसा रस नव्हता, पण ऐकून घेतलं.

आज नानांना व्यायामाला नेलं. फूलबागेला सिग्नल लाल. मी हॉर्नला हात लावला नाही, आरशात त्यांच्याकडेच बघत राहिलो. मिनिटभराने म्हणाले, "शरद, शाल आहे का रे?" आणि मग, "केदारला कळव. गार लागतंय."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आपण दोघं बोलत नाही, हेसुद्धा.

निरोप पोचवला. वडील तुझ्याकडे नाहीत, हे वाक्य मी परत घेतो. त्या दिवशी आरशातून मागे बघायला तू असतास, तर बरं झालं असतं. सुट्टी मिळेल तेव्हा ये. स्टेशनवर गजगामिनी घेऊन येईन, आणि येताना मागे नानांशेजारी तू बस.

राखून ठेवलेले आशीर्वाद आता देतो. घेशील ना?

आपल्या नानांचा थोरला,
शरद