उसाच्या वाटेवरचे पाढे

१२ नोव्हेंबर, बुधवार

काकासाहेबाचा कुत्रा गेला. शेजारच्याच वस्तीवरून! साखळी तेवढी राहिली. पाटाच्या ओल्या मातीत बिबट्याचे पंजे उमटलेत, माझ्या तळहाताएवढे. हात ठेवून बघितला आणि मग दिवसभर तो हात धूत बसलो.

आता आरतीचं काय करायचं? सूनबाईची नगरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी, तीही नवीन. अंधारात निघून फाट्यावर पहिली एस.टी. धरावी लागते. फाट्यापर्यंत दोन्हीकडं ऊस. मोटारसायकल पोराकडं, सुनीलकडं, चाकणला. त्याचा फोन आला — नोकरी सोडून दे म्हणाला. पोरगी जेवली नाही.

१३ नोव्हेंबर

झोप नाही. मीही पहाटे तेच म्हणणार होतो, सोड म्हणून. तर ती चपला घालून दारात उभी. म्हणाली, "मामा, आज घरी बसले तर परत उठायची न्हाई मी."

काठी घेतली, बॅटरी घेतली. मालन म्हणाली, आवं, मांजर आडवं आलं तर दचकता तुमी, वाघाला काय अडवणार? थांबा, मी बी येते. तिला दटावलं — गुडघे बघ आधी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

वनखात्यानं सांगितलंय, आवाज करत चला. ऐन वेळी भजन आठवेना. सहावीतून शाळा सुटली, तेवढे पाढे पाठ आहेत. तेच मोठ्यानं सुरू केले. तेराच्या पाढ्यात अडकलो, पुढचं आरतीनं सांगितलं. येताना एकटा. सांगणारं कोणी नाही. बे एके बे करत घर गाठलं.

१५ नोव्हेंबर

गेलो. आलो.

१८ नोव्हेंबर

डेअरीवर काकासाहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, काय तात्या, बिबट्या चौथी पास झाला का? लोक हसले. मीही हसलो. कुत्रा त्याचा गेलाय, हसू दे.

पण खरंच, बिबट्याला पाढे ऐकून काय वाटत असेल? तो इथं आहे की कधीच मुळा धरणाकडं निघून गेला, तेही कळत नाही. आहे म्हणून कळलं असतं तर दार लावून घेतलं असतं. नाही म्हणून कळलं असतं तर निवांत चाललो असतो. हे मधलंच जड जातं.

घरी आलो तर चुलीला जाळ नाही, चहा नाही. मालन मागच्या दारानं आली, हातात चार काटक्या. सरपणाला गेल्ते म्हणाली. लुगडं दवानं भिजलेलं. एवढ्या सकाळी कशाला मरायला जायचं? बोललो तिला. ती गुमान चूल पेटवायला बसली. हे नवीनच.

२१ नोव्हेंबर

वनखात्यानं पिंजरा लावला. आत शेळी. रात्रभर ओरडली. ओढ्यावरच्या बाभळीला कॅमेरा बांधला, जाणाऱ्या-येणाऱ्याचा आपोआप फोटो निघतो म्हणे. आमच्या वाटेवरच आहे. उद्या टोपी धुतलेली घालावी.

२४ नोव्हेंबर

ऊसतोड सुरू झाली. वनरक्षक म्हणाला, आता जपा, ऊस तुटला की जनावर बाहेर पडतं.

आज उसात सळसळलं. पाढा तोंडातच सुकला. पाय हलेनात. आरतीनं माझा दंड धरला. मग दोघांनी मिळून सातचा पाढा म्हटला, चुकीचा. सळसळ थांबली. वारा होता का काय, देव जाणे. फाट्यावर पोचल्यावर कळलं, बॅटरी विझलेलीच होती, मी पेटवलीच नव्हती!

भीती काही गेली नाही. ती गेल्यावर निघू म्हटलं असतं तर अजून दारातच उभा असतो.

आरती रोज एकच म्हणते, मामा, जरा हळू चाला की. मी तिला रागावतो. एस.टी. काय आपल्यासाठी थांबणार आहे? तरणी पोर, आणि सारखी मागं वळून बघत रेंगाळते.

२८ नोव्हेंबर

मालनचा डावा गुडघा सुजलाय. घरात बसून असते तरी सुजतो कसा? थंडीनं म्हणते. राहुरीहून तेल आणलं. रात्री चोळून दिलं.

१ डिसेंबर

वनरक्षक आला, कॅमेऱ्यातले फोटो मोबाईलवर दाखवले. बिबट्या एकदाच, तोही मध्यरात्री, ओढ्यात पाणी पिताना. बाकी आम्हीच. मी आणि आरती जाताना. मी एकटा येताना, तोंड उघडं, पाढा चालू.

मग त्यानं विचारलं, "बाबा, ही बाई कोन? रोज तुमच्या मागं असती. तुमी फाट्याकडं गेला की त्या ओढ्याकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं थांबती. परत आला की पुन्हा मागं. एकटं फिरू नका म्हनावं त्यांना."

मोबाईल डोळ्याजवळ धरला. लुगडं खोचलेलं, हातात कोयता. डावा पाय जरा ओढत.

सांगतो, म्हटलं.

२ डिसेंबर

मालनला काही सांगितलं नाही. मागंही वळून बघितलं नाही. एकेका आकड्याला थांबत, सावकाश पाढे म्हणत गेलो. एस.टी. सुटता सुटता सापडली. उद्या घरातून जरा लवकर निघायचं.