पेशीतला शिपाई

ता. ४

चि. चिमणीस,

अ. उ. आ. पत्राला महिनाभर उशीर झाला, रागावू नकोस. लिहायला बसतो आणि पेंगतो. भर उन्हात दोन स्वेटर घालून बसलोय. तुझी आजी म्हणते, मी जिना चढेपर्यंत तिचा स्वयंपाक होतो.

तुझं मागचं पत्र भिंगाखाली चार वेळा वाचलं. मी सातवी नापास, पण तुझ्या प्रबंधातला तो रिसेप्टर बरोबर ओळखला. पेशीच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन बोटांनी डीएनएचं दप्तर धरून बसतो. पोटाशी खिसा. थायरॉइडचं हार्मोन खिशात शिरलं की वरचं झाकण मिटतं, मदतनीस धावत येतात आणि दप्तर वाचायला घेतात. म्हणजे माझ्यासारखा शिपाईच की! हार्मोन ही त्याची चिठ्ठी.

मग एकच गोष्ट मनाला खाऊ लागली. आमच्या कचेरीत चिठ्ठी एकदा फाइलला लागली की लागली. मी अकरा वर्षं थायरॉइडची गोळी घेतोय, आणि हा गडी रोज नवी चिठ्ठी मागतो? अशाने शिपाई डोक्यावर बसतो. त्याला शिस्त लावायची म्हणून पाच आठवडे गोळी बंद ठेवली आहे. तुझ्या तोंडी परीक्षेला येईन तेव्हा सांगणार होतो, पण राहवेना.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा

ता. ९

ती. आजोबांस,

सा. न. तुमचं पत्र प्रयोगशाळेत उघडलं आणि हातातली नळी पडली. आधी आजीला फोन केला, मग लिहायला बसले. म्हणजे हे पोचेपर्यंत तिने तुम्हालाच शिस्त लावलेली असेल.

अहो, चिठ्ठी खिशात कायम राहत नाही, शरीर ती मोडून टाकतं. आणि खिसा रिकामा झाला की तो शिपाई स्वस्थ बसत नाही. दुसरेच सोबती जमवून दप्तर दाबून बंद ठेवतो. तुमची पेंग, थंडी, उशिराचं पत्र, सगळी त्याचीच करामत. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊ नका, मी तुम्हाला ओळखते! परीक्षा तीस तारखेला. पुढची खुर्ची तुमची, पण डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तरच.

जीव मुठीत धरलेली,
चिमणी

ता. १५

चि. चिमणीस,

अ. उ. आ. आजीने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कपाळाला हात लावला आणि तीच गोळी पुन्हा सुरू केली. पूर्ण बरं वाटायला काही आठवडे लागतील म्हणाले, पण आजी सोबत असेल तर प्रवासाला हरकत नाही. खुर्चीत डुलकी लागली तर हाकलू नकोस, चिमटा काढ.

त्या शिपायाबद्दल मात्र माझं मत फिरलंय. परीक्षेत कोणी विचारलं, रिकाम्या खिशाचा रिसेप्टर काय करतो, तर ठणकावून सांग, चिठ्ठी नसताना दप्तर बंद ठेवणं हेही कामच आहे. मी एकतीस वर्षं तेच केलं, आणि कचेरीला वाटायचं, मी नुसता स्टुलावर बसलोय.

किती वाजता, कुठल्या खोलीत, ते लिहून पाठव. चिठ्ठी आल्याशिवाय मी जागचा हलायचा नाही. लवकर धाड.

तुझा आजोबा