आत्याला अखेर पटलं

आई,

परवा रविवारी आत्याने तुझं म्हणणं मान्य केलं. तू जाऊन सतरा वर्षं झाली, आत्या ऐंशीच्या पुढे गेली, तेव्हा कुठे. तुला कळलं असतं तर हातातलं काम न थांबवता "बरं झालं" एवढंच म्हणाली असतीस आणि मग दिवसभर गुणगुणत राहिली असतीस. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही. घरी आले, कपडे वाळत घातले आणि तुला लिहायला बसले.

तुमचं भांडण मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या दोन खोल्या, उपासना आटोपून आलेले आपण, स्टोव्हवर मटण, आणि बदलापूरहून आलेली आत्या ओट्यापाशी लसूण सोलत बसलेली. तू मिरजेकडची. तुझ्या माहेरच्या चर्चच्या मंडळीत कॅल्विनवाद बाळकडूसारखा पाजलेला. माणूस आपल्या बळावर देवाकडे एक पाऊलही टाकू शकत नाही, देवच जगाच्या आधीपासून आपली माणसं निवडतो, त्यांची लायकी बघून नव्हे, आणि त्याने धरलेलं कधी सुटत नाही. आत्या लग्नानंतर टाळ्या वाजवून गाणाऱ्या मंडळीत गेली. तिचं म्हणणं असं की देव दार ठोठावतो, उघडायचं की नाही ते आपल्या हातात, आणि उघडलेलं दार माणूस पुन्हा लावूनही घेऊ शकतो. तुझा एक नियम होता. विरोध करायच्या आधी समोरच्याच्या म्हणण्यात बळ कुठे आहे ते सांगायचं. तू आत्याची बाजू इतकी झकास मांडायचीस की पप्पा म्हणायचे, आता त्यांच्याच मंडळीत नाव घाल. आत्याची पाळी आली की ती लसणीवरून नजर न उचलता म्हणायची, "वहिनी, तुमच्या म्हणण्यात काही बळ नाही. रस्सा तेवढा चांगला होतो." मग सगळे हसायचे, आणि वाद पुढच्या रविवारवर जायचा.

मी दहा वर्षांची असताना चर्चच्या शब्बाथ शाळेत शेजारच्या मुलीला सांगितलं होतं की माझी आत्या काही निवडलेल्यांत नाही. तू मागेच उभी होतीस. घरी आल्यावर चपलाही न काढता म्हणालीस, "कोण निवडलेलं आणि कोण नाही, हे बघायचं काम देवाने तुला दिलंय? मलासुद्धा दिलेलं नाही." त्याच दुपारी मला बदलापूरला नेलंस आणि आत्याची माफी मागायला लावलीस. आत्याला कशाबद्दल ते कळलंच नाही, तिने मला चिक्की दिली. तुझ्या शिकवणीतलं मला सगळ्यात आधी समजलं ते हे, की दुसऱ्याच्या तारणात, म्हणजे देवाने कुणाला वाचवलं आणि कुणाला नाही यात, डोकवायचं नाही. तू स्वतः हा नियम आयुष्यात एकदाच मोडलास, आणि तो माझ्यापाशी.

आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, कावीळ झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस. तू तेव्हा तिथेच जीन्सच्या कारखान्यात चेनी शिवायचीस, सुटलीस की तशीच यायचीस, साडीला निळे दोरे चिकटलेले असायचे. तो दोन वर्षांपासून चर्चला येत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्याच्या मंडळीने उपास धरले, त्याच्या कपाळाला तेल लावलं, आत्या सगळ्यांना ठणकावून सांगत होती की हा आपल्या पायांनी घरी जाणार. तू पलंगाजवळ बसून त्याचे पाय चोळत होतीस. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला. मातीनंतर माणसं घरी बसली होती, तेव्हा आत्या म्हणाली की कुणाचा तरी विश्वास कमी पडला. तिच्या शिकवणीत दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. मग हळू आवाजात तुला म्हणाली, "त्यानंच दार लावून घेतलं होतं, वहिनी." मला वाटलं आता तू तिची बाजू आधी मांडशील आणि मग उत्तर देशील. तू उठून पाणी प्यायला गेलीस.

चारपाच दिवसांनी दुपारी तू तांदूळ निवडत बसलेली आहेस आणि मी समोर. ताटावरची नजर न काढता विचारतेस, "तुझ्याशी तो बोलायचा. देवाबद्दल कधी काही बोलला का?"

बोलला होता. दोन महिने आधी आम्ही त्याच्या मित्राच्या बाइकवरून बारवी धरणाकडे गेलो होतो, तिथे चहा पिताना तो म्हणाला, "ताई, मला चर्चमध्ये काहीच जाणवत नाही गं. जाणवतंय असं दाखवायचा कंटाळा आला." रागाने नव्हे, पाय दुखतोय सांगावं तसं म्हणाला. आणि मी तुला सांगितलं की तो झोपायच्या आधी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात प्रार्थना करायचा, मी पाहिलंय. तुझी बोटं थांबली. "हं," म्हणालीस, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागलीस. पुढच्या रविवारी आत्याला म्हणालीस, "वन्सं, तो रात्री भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायचा. त्याने देवाला सोडलं असेल, देवाने त्याला सोडलं नव्हतं." त्यानंतर तू तीन वर्षं जगलीस ती या एका गोष्टीवर. दुसऱ्याच्या तारणात डोकवू न देणारी तू माझ्या थापेला देवाची खूण समजून बसलीस. मला आधी त्याची लाज वाटायची, मग तीही वाटेनाशी झाली.

तर परवाची गोष्ट. आत्याच्या मुलाने सोनिवलीला नवीन फ्लॅट घेतला आहे, तिथे घरसभा होती. आत्याच्या मंडळीचे पास्टर तरुण आहेत. कुणीतरी मोबाइलवर निवडीवरचं प्रवचन ऐकून आलं होतं, त्यावरून जुंपली. उल्हासनगरची एक सिंधी बहीण म्हणाली, "पहले से चुन लिया, तो ये तो नाइंसाफी है ना?" पास्टर म्हणाले, सगळं आधीच ठरलंय तर मी स्टेशनबाहेर पत्रकं कशाला वाटतो? आत्या खुर्चीतून म्हणाली, आमच्या वहिनीची मुलगी बसलीय, तिला विचारा. मग मी तुझी बाजू मांडली. नियमाप्रमाणे आधी त्यांची. त्यांच्या म्हणण्यात देव कुणावर जबरदस्ती करत नाही, हे त्याचं बळ, असं मी म्हणाले, तेव्हा पास्टरांनी मान डोलावली. मग मी म्हणाले, आईच्या म्हणण्याचं बळ हे की ते दमलेल्यांसाठी आहे. तान्हं मूल आईला धरत नाही, आई त्याला धरते. पास्टरांनी विचारलं, "आणि जे मूल ती उचलतच नाही, त्याचं काय?" तू इथे, हे देवालाच ठाऊक म्हणून, तोंडावर हात ठेवायचीस. मीही ठेवला.

तेव्हा आत्या बोलली. म्हणाली, "माझा भाचा आतून प्रार्थना करत होता आणि आम्ही त्याला देवापासून तुटलेला समजलो. इतकी वर्षं मला वाटायचं, विश्वास कमी पडला तो माझाच. मीच तेल लावलेलं ना. पण तो तर आधीच धरलेला होता. वहिनीचं खरं होतं." मग माझ्याकडे वळून, "सांग गं बाय सगळ्यांना, कशी करायचा तो प्रार्थना."

आई, वीस वर्षं ती हे मनात घेऊन होती आणि आपल्याला दोघींनाही माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ते सगळं पुन्हा तिच्या अंगावर आलं असतं. नाही सांगितलं तर ती माझ्या थापेवर डोळे मिटणार, तुझ्यासारखीच. सगळे वाट बघत होते. मी सांगितलं, भिंतीकडे तोंड करून, मनातल्या मनात. आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, एकदा मी कुणासाठी म्हणून विचारलं तर तो उठून बसला आणि म्हणाला, आत्यासाठी. हे तुलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण ते मला तिथेच सुचलं. आत्या पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला काही वाटलं नाही, हॉस्पिटलमध्ये सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करत होते तेव्हा वाटलं नव्हतं तसंच.

आत्याला मी खरं सांगणार नाही. हे कागद लाइट बिलांच्या खाली खणात जातील. फक्त एक सांगायचं राहिलं. ते बोलत असताना मला तो दिसला, केस विसकटलेले, चादर गुडघ्यांवर ओढून बसलेला, आणि क्षणभर खरंच वाटलं की असं झालं होतं. तो गेल्यापासून विश्वासातलं मला खरं वाटलेलं तेवढंच, आणि ते मीच रचलेलं.