पिक्चरमधला वॉचमन

मंगळवार, संध्याकाळ

आज हिंडलग्याच्या जेलात सागरला भेटून आले. माझा धाकटा भाऊ. दोस्तांबरोबर चिकोडीत बँक लुटायला गेला आणि वॉचमनच्या डोक्यात रॉड घातला. तो माणूस जागीच गेला.

आईची चौकशी करून झाली आणि एकदम म्हणाला, "आक्का, बँक लुटायचा नवा पिक्चर आलाय म्हणं. बघितलीस?"

असले पिक्चर बघूनच तर बिघडला.

"अजून त्येच डोक्यात हाय व्हय रं तुझ्या?"

"न्हाय गं. त्यातला वॉचमन उठतोय काय, एवढंच बघून सांग. आम्ही बघितलेल्या समद्या पिक्चरात त्यो उठतोय. डोकं धरून बसतोय. म्या रॉड घातल्यावर दोस्त पळाले. म्या दारातच थांबलो, आत्ता उठंल म्हणून. म्हणून तर घावलो."

आणि आम्ही इतके दिवस समजत होतो, त्याला पळता आलं नाही. हा पश्चात्ताप म्हणायचा की वेडेपणा?

घरी आले. मोबाईलवर तो पिक्चर लावला. वॉचमन पडतो, चोर त्याला ओलांडून आत जातात. तिथंच परत परत मागं नेऊन बघितलं. मग शेवटपर्यंत बघितला. चोर सुटले. वॉचमनचं काय झालं, ते दाखवलंच नाही.

उठला म्हणून सांगितलं तर सागरला झोप तरी लागेल. पण त्या वॉचमनची बायको कोर्टात माझ्याच बाकावर बसायची. कधी एक शब्द वाईट बोलली नाही.

मी तसं सांगणार नाही.