मफलरला चार झटके

बर्गन, मंगळवार

प्रिय आई,

तुझा आउडुन ठणठणीत आहे, हे आधी सांगतो. तू विणलेला मफलर रोज गळ्यात असतो. तुझा गुडघा कसा आहे?

सोमवारी मी पहिल्यांदाच तीस मीटर खोल पाण्यात उतरणार आहे. काळजीचं काही नाही. वर माझ्या कमरेची दोरी आमचे डायव्हिंगचे म्हातारे शिक्षक आयलर्ट यांच्या हातात असेल. त्यांनी एक झटका दिला की ‘बरा आहेस ना?’, मी एक दिला की ‘बरा आहे’. चार दिले तर ‘वर ओढा’.

आज दुपारी त्यांनी मला सिनेमाला नेलं. मोठ्या पडद्यावर एक बाई अंतराळात एकटी, यान फुटलेलं, हवा अकरा मिनिटांची. तिचा श्वास थिएटरभर ऐकू येत होता. माझा कधी थांबला ते मला कळलंच नाही. आयलर्टनी माझ्या मफलरला हळूच एक झटका दिला. मी त्याच मफलरला चार दिले.

ते काही न विचारता उठले आणि मला बाहेर घेऊन आले.

“हसा आता,” मी म्हणालो.

“दोरीला कोण हसतं, गाढवा? घाबरलेले असूनही एकच झटका देणारे बुडतात. म्हणूनच तू सोमवारी उतरायचंस.”

मग आम्ही परत आत गेलो. ती बाई सुखरूप पोचली, आई.

सोमवारी बारा वाजता मी पाण्याखाली असेन आणि तू विणत असशील. लोकरीला एक झटका दे. खालून मी खरं तेच उत्तर देईन.

तुझा,
आउडुन